हिंदी महासागराच्या तळावरचे फ्रॅक्चर झोन : नकाशाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

कामाची हद्द आज ठरली. पश्चिमेला सोमालियाचा किनारा, पूर्वेला सुमात्रा, उत्तरेला मकरान, दक्षिणेला ३५ अंश अक्षांश. एवढ्या भागातले समुद्रतळावरचे फ्रॅक्चर झोन, म्हणजे तळावरच्या लांबच लांब भेगा आणि त्यांचे व्रण, एका ए-झिरो आकाराच्या मोठ्या कागदावर आणायचे, सगळा मजकूर मराठीत, आणि नकाशा भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हाती द्यायचा.

हे काम का, ते इथे एकदा लिहून ठेवते. पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बघा. जमिनीवर नद्या, घाट, पठारं सगळं असतं आणि किनारा ओलांडला की नुसता निळा रंग. भारत दक्षिणेकडून इथवर सरकत आला हे आपण मुलांना सांगतो, पण त्या प्रवासाच्या खुणा अजून समुद्रतळावर शिल्लक आहेत, त्यांच्यावर बोट ठेवता येतं, हे सांगत नाही. मला हे फार खटकतं.

आम्ही तिघं आहोत. नकाशाचं आणि संगणकाचं काम माझ्याकडे. भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सर एरंडवण्यात राहतात, प्रत्येक रेष त्यांच्या नजरेखालून जाणार. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी भूकंपांच्या याद्या सांभाळणार.

सामग्री सगळी खुली आणि फुकट आहे. जेब्को या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची समुद्राच्या खोलीची जाळी, अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांची, म्हणजे विषुववृत्तापाशी साधारण साडेचारशे मीटरला एक आकडा. स्क्रिप्स संस्थेची उपग्रहांवरून काढलेली गुरुत्वाकर्षणाची जाळी. भूकंपांसाठी १९७६ पासूनची जागतिक सीएमटी यादी, भूकंपात जमीन कशी सरकली तेही सांगणारी. रेषा क्यूजीआयएस या संगणक प्रणालीत काढायच्या, नकाशा जीएमटी या दुसऱ्या प्रणालीत बांधायचा.

१४ जून, शनिवार

आज एकही रेष काढली नाही. सरांच्या घरी बसून नेमकं काय शोधायचं आहे ते पक्कं केलं.

मध्यसागरी रिज, म्हणजे जिथे नवा तळ तयार होतो ती समुद्राखालची डोंगररांग, सलग नसते. तिचे तुकडे एकमेकांपासून बाजूला सरकलेले असतात. दोन तुकड्यांची टोकं जोडणारा भाग म्हणजे ट्रान्सफॉर्म फॉल्ट. तिथे दोन्ही बाजूंचा तळ उलट दिशांना सरकतो, म्हणून भूकंप होतात. टोकांच्या पलीकडे, दोन्ही अंगांना, तीच खूण पुढे शेकडो किलोमीटर जाते. पण तिथे दोन्ही बाजू एकाच प्लेटच्या (भूकवचाच्या सरकत्या तुकड्याच्या), एकाच दिशेला, एकाच वेगाने चाललेल्या. घासाघीस थांबलेली, व्रण राहिलेला. ट्रान्सफॉर्म आणि हे दोन व्रण मिळून होतो तो फ्रॅक्चर झोन. १९६५ मध्ये तुझो विल्सन यांनी हे मांडलं. त्यांचं म्हणणं असं होतं की ट्रान्सफॉर्मवर तळ ज्या दिशेने सरकतो, ती दिशा रिजच्या तुकड्यांकडे बघून कुणालाही वाटेल त्याच्या बरोबर उलटी असते. १९६७ मध्ये लिन साइक्स यांनी भूकंपांच्या पहिल्या धक्क्यांची दिशा तपासून ते खरं असल्याचं दाखवलं. भूशास्त्रात भाकीत करून इतक्या लवकर पडताळा मिळाल्याची उदाहरणं थोडी आहेत. सर ही गोष्ट वर्गात सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा, आजही चढला.

मग व्रण दिसतो कशामुळे? तर वयामुळे. रिजवर नवा तळ गरम असतो, म्हणून उंच असतो. थंड होत जातो तसा खचत जातो. पार्सन्स आणि स्क्लेटर यांचं १९७७ चं साधं सूत्र आहे: खोली = २,५०० मीटर + ३५० × वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष वर्षांत. सुमारे ७० दशलक्ष वर्षांपर्यंत ते चालतं. फ्रॅक्चर झोनच्या एका बाजूला कोराकरकरीत तळ आणि दुसऱ्या बाजूला २० दशलक्ष वर्षांचा असेल, तर सूत्राने पायरी येते सुमारे १,५६५ मीटरची. हाच फरक ४० आणि ६० दशलक्ष वर्षांच्या तळांमध्ये असेल तर फक्त ५०० मीटरच्या आसपास. म्हणजे रिजपासून लांब जाल तशी पायरी बुटकी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती तेवढी बुटकी होत नाही. सँडवेल आणि शूबर्ट यांनी १९८२ मध्ये कारण दाखवलं: ट्रान्सफॉर्म संपला की दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून बसतात, कड्यापाशी सरकणं बंद होतं, आणि खचण्यातला फरक आजूबाजूचा तळ वाकून सोसतो. म्हणूनच जुना व्रणसुद्धा उपग्रहाला सापडतो.

निघताना सर म्हणाले, "अगं, रेष काढायला कुणीही काढेल. ती कुठे सोडायची ते बघ."

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवलं आहे.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला, निम्मे रस्ते बंद. दिवसभर घरीच वेमा फ्रॅक्चर झोन काढला. दक्षिण ९ अंशांच्या आसपास, मध्य हिंदी रिजला आडवा कापणारा. (याच नावाचा एक अटलांटिकमध्येही आहे. दोन्ही नावं लॅमाँट वेधशाळेच्या ‘वेमा’ या शिडाच्या संशोधन जहाजावरून.) हा फार ठसठशीत. दरीचा तळ ६,००० मीटरहून खोल, तर शेजारची रिज तीन-साडेतीन हजार मीटरवर.

काम कसं चालतं ते लिहिते, पुढे कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

पडद्यावर दोन थर लावले. खाली खोलीची जाळी, वर गुरुत्वाच्या उभ्या ढाळाची जाळी अर्धी पारदर्शक करून. उभा ढाळ म्हणजे गुरुत्वाकर्षण उंचीबरोबर किती झपाट्याने बदलतं त्याचं माप. यात मोठे, पसरट फुगवटे मागे पडतात आणि कडा, चर, कंगोरे पुढे येतात. वेमाचा चर काळ्या पट्ट्यासारखा दिसतो, त्याच्या दोन्ही काठांना पांढरी किनार. रेष नेमकी कुठून न्यायची याला तीन पर्याय: चराचा तळ, उत्तरेचा काठ, दक्षिणेचा काठ. तिन्ही बरोबर आहेत, पण मध्येच एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची नाही. उडी मारली की रेषेला एक वाकडा खांदा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की प्लेटची दिशा त्या काळी बदलली. खरं तर तिथे फक्त काढणाऱ्याचा हात सरकलेला असतो. मी चराचा तळ धरला. दर १० किलोमीटरला आडवा छेद काढायचा, त्या छेदातला सगळ्यात कमी आकडा शोधायचा, तिथे बिंदू. सलग तीन छेदांत स्पष्ट तळ दिसला नाही तर थांबायचं आणि शेरा लिहायचा.

ट्रान्सफॉर्मच्या मधल्या भागात बिंदू आपोआप एका ओळीत बसले. पश्चिमेच्या टोकाकडे गेल्यावर चर उथळ होतो, मग पसरट होतो, मग त्याच्या जागी नुसती एका बाजूला उतरणारी पायरी उरते. तिथे ‘सगळ्यात कमी आकडा’ हा नियम निरुपयोगी ठरतो, पायरीचा मध्य धरावा लागतो. म्हणून तिथे एक रेष संपवली आणि दुसरी, वेगळ्या प्रकारची म्हणून नोंदवलेली, सुरू केली.

२९ जून, रविवार

खोलीच्या जाळीवर फार भिस्त ठेवू नये. ती सगळीकडे मोजलेली नाही.

जहाजावरचा बहुकिरण ध्वनिमापक तळाकडे आवाजाचा पंखा सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर, म्हणजे साडेचार किलोमीटर खोल पाण्यात जाऊन यायला सहा सेकंद. जहाज ताशी वीस किलोमीटरच्या आत-बाहेर चालणार आणि पट्टा मिळणार खोलीच्या काही पट रुंद. या गतीने जगाच्या समुद्रतळाचा सुमारे चतुर्थांश भागच आजवर नीट मोजून झाला आहे.

उरलेली खोली उपग्रहांवरून अंदाजाने काढलेली असते. समुद्राचा पृष्ठभाग सपाट नाही. तळावर दोन हजार मीटर उंचीचा डोंगर असेल तर त्याचं जास्तीचं वस्तुमान आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतं आणि वरच्या पाण्याला दोनेक मीटरचा फुगवटा येतो. चरावर तसाच खळगा. उपग्रहाचा रडार हे मोजतो. अमेरिकी नौदलाच्या जिओसॅटची मापं १९९५ मध्ये खुली झाली, त्यात युरोपच्या ईआरएस-१ ची भर पडली, आणि १९९७ मध्ये स्मिथ आणि सँडवेल यांनी जवळजवळ सगळ्या महासागरांचा तळ अशा रीतीने मांडला. आपला ‘सरल’ही या मालिकेत आहे: इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा संयुक्त उपग्रह, २५ फेब्रुवारी २०१३ रोजी पीएसएलव्ही-सी२० ने श्रीहरिकोट्याहून गेलेला. त्याचा आल्टिका रडार ३५.७५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि आधीच्यांपेक्षा बारीक ठसा टिपतो. जुलै २०१६ पासून त्याची कक्षा मोकळी सोडली, त्यामुळे त्याचे माग एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा न पडता मधल्या फटी भरत गेले, आणि आपल्याला हवी असलेली घट्ट वीण मिळाली. नकाशाच्या कोपऱ्यात ‘सरल’चा उल्लेख करायचाच, हे माझं आधीपासून ठरलेलं आहे.

जेब्को आपल्या जाळीबरोबर आणखी एक जाळी देते. कुठला आकडा कशावरून आला, ते त्यात असतं. ११ म्हणजे बहुकिरण मोजणी, १० म्हणजे एककिरण, ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वावरून अंदाज. आज ही जाळी प्रत्येक रेषेखाली टाकून बघितली आणि त्यावरून रेषांच्या खात्रीच्या तीन प्रती, म्हणजे दर्जे, ठरवले:

क प्रत: फक्त उपग्रहात दिसते.
ख प्रत: उपग्रहात दिसते आणि कुठे कुठे जहाजाच्या मोजणीने दुजोरा मिळतो.
अ प्रत: बहुकिरण मोजणीत काठ डोळ्यांना दिसतो.

मध्य हिंदी रिजच्या माथ्यावर अ प्रत बरीच मिळते. चागोस बेटांच्या पूर्वेला जा, बहुतेक सगळी क.

५ जुलै, शनिवार

भूकंप टाकले. पाचहून जास्त तीव्रतेचे, आडव्या सरकण्याचे वेगळ्या रंगात.

चित्र उमटलं तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, हे तर पुस्तकातल्यासारखंच आलं!" खरंच आलं. वेमा, आर्गो, मारी सेलेस्त, प्रत्येकाच्या मधल्या भागात ठिपक्यांची माळ, आणि रिजचं टोक ओलांडलं की शांत. विल्सन यांनी साठ वर्षांपूर्वी जे कागदावर मांडलं ते आपल्याच समुद्रात, आपल्याच संगणकावर. पाठ्यपुस्तकातली आकृती आणि हे बघणं यात फरक आहे.

मात्र ठिपके रेषेवर काटेकोर बसत नाहीत. आसपास भूकंपमापक केंद्रं नाहीत, सगळी लांबच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर, त्यामुळे केंद्रबिंदू पाच-दहा किलोमीटर, कधी त्याहून जास्त इकडेतिकडे असतो. म्हणून भूकंपावरून रेष हलवायची नाही. भूकंप फक्त एवढंच सांगतील: इथवर जागं, इथून पुढे निजलेलं.

६ जुलै, रविवार

अटलांटिस-२ फ्रॅक्चर झोन. नैऋत्य हिंदी रिजवर, पूर्व ५७ अंशांना. रिजचे दोन तुकडे इथे जवळजवळ २०० किलोमीटरने सरकलेले. ही रिज फार मंद आहे, वर्षाला सुमारे १४ मिलिमीटर उघडते. चराच्या पूर्वेच्या काठावर अटलांटिस बँक नावाचं सपाट माथ्याचं पठार आहे, पाण्याखाली जेमतेम ७०० मीटर, एके काळी बेट असलेलं. तिथून चराचा तळ सहा हजार मीटरच्या खाली. म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून मोठा उतार. या उतारावर कवचाच्या पोटातला गॅब्रो आणि त्याखालचा मँटलचा खडक उघडा पडला आहे. १९८७ आणि १९९७ मध्ये याच बँकेवर ७३५-बी हे भोक १,५०८ मीटरपर्यंत नेलं, जवळजवळ सगळं गॅब्रोतून. जे बघायला एरवी कित्येक किलोमीटर खणावं लागेल ते फ्रॅक्चर झोनने कापून समोर ठेवलं आहे.

या एका जागेसाठी नकाशाच्या कडेला वेगळी चौकट.

१३ जुलै, रविवार

आजचा पूर्ण दिवस प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी मांडायची यात, गेला, आणि सार्थकी लागला.

गोलावर प्लेटची चाल म्हणजे एका ध्रुवाभोवतीचं फिरणं. हा ध्रुव पृथ्वीचा ध्रुव नव्हे, प्रत्येक प्लेटजोडीचा आपला वेगळा. ट्रान्सफॉर्म हे त्या ध्रुवाभोवतीच्या वर्तुळांचे तुकडे असतात. मग नकाशाचं प्रक्षेपणच त्या ध्रुवाला उत्तर मानून केलं तर? तिरपं मर्केटर नावाचं प्रक्षेपण घ्यायचं, जीएमटीत एका ओळीचं काम आहे. त्यात सगळे ट्रान्सफॉर्म अक्षांशांसारखे आडवे व्हायला हवेत. ट्रान्सफॉर्म अशा वर्तुळांवर बसतात का, हा पडताळा १९६८ मध्ये जेसन मॉर्गन यांनी वापरला होता.

भारत आणि सोमालिया या प्लेटजोडीचा आजचा ध्रुव उत्तर आफ्रिकेत पडतो. तो धरून अरबी समुद्राच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग रिजचा भाग काढला. नेहमीच्या नकाशात ईशान्येकडे झुकलेले, जरा जरा वेगळ्या कोनांचे दिसणारे तुकडे एकदम समांतर, आडवे. त्याच प्रक्षेपणात मध्य हिंदी रिजचा दक्षिण भाग बघितला तर तिथल्या रेषा किंचित तिरक्या राहतात. हा दोष नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला रिजच्या पूर्वेचा तळ भारताच्या प्लेटचा नाही, तो कॅप्रिकॉर्न नावाच्या वेगळ्या प्लेटचा धरतात. रॉयर आणि गॉर्डन यांनी १९९७ मध्ये ते नीट मांडलं. भारत आणि कॅप्रिकॉर्न यांच्यात एखादी ठळक सीमा नाही, शेकडो किलोमीटर रुंद पट्ट्यात तळ हळूहळू दुमडतो आहे. त्या भागासाठी ध्रुव वेगळा घेतला, तुकडे सरळ झाले.

रिजपासून लांबच्या, जुन्या भागात मात्र कुठलाही एक ध्रुव पुरत नाही, कारण ध्रुवच काळाबरोबर सरकले. रेषा वळतात आणि वळणांमध्येच इतिहास आहे. सुमारे ६५ दशलक्ष वर्षांपूर्वी भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला निघालेला होता. आशियाला भिडल्यानंतर तो वेग घसरत पाच सेंटिमीटरच्या आसपास आला, दिशाही बदलली. जुना तळ उत्तर-दक्षिण रेघांचा, नवा तळ ईशान्य-नैऋत्य रेघांचा. ही वळणं मी हाताने गुळगुळीत करणार नाही. रेषा दिसायला देखणी होईल, पण भारत आशियाला भिडल्याचा पुरावा त्यात पुसला जाईल.

१९ जुलै, शनिवार

पावसाने उघडीप दिली म्हणून सकाळी वेताळ टेकडीवर. जुन्या खाणीच्या कड्यात लाव्हाचे थर दिसतात. हा बेसाल्ट साधारण ६६ दशलक्ष वर्षांचा, म्हणजे भारत सर्वांत वेगात असतानाचा. त्याच सुमारास सेशेल्स भारतापासून सुटू लागलं आणि कार्ल्सबर्ग रिज उघडली. त्याआधी रिज मस्करीन खोऱ्यात होती, भारत आणि मादागास्कर यांच्यामध्ये, ती विझली. ज्या तप्त ठिकाणावर दख्खनचा लाव्हा ओतला गेला ते आज रियुनियन बेटाखाली आहे, आणि लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्याची वाट. पुढे रिजने ही वाट कापली, म्हणून चागोस एका प्लेटवर आणि मॉरिशस दुसऱ्या प्लेटवर.

हे सगळं नकाशावर एका फिक्या पट्ट्याने दाखवायचं. पुण्याचं नावही लिहायचं. ज्या मुलांच्या पायाखाली हा दगड आहे त्यांना आपला आणि त्या समुद्रतळाचा संबंध कळलाच पाहिजे.

२० जुलै, रविवार

ओवेन. यावर सरांशी तीन तास.

कार्ल्सबर्ग रिज आणि एडनच्या आखातात जाणारी शेबा रिज यांना जोडणारा सुमारे ३०० किलोमीटरचा तुकडा म्हणजे ओवेन ट्रान्सफॉर्म. इथपर्यंत सरळ आहे. पण त्याच्या उत्तरेला, जिथे नियमाने व्रण निजलेला असायला हवा, तिथेही भूकंप आहेत. कारण इथे पूर्वेला भारताची प्लेट आणि पश्चिमेला अरबस्तानची, वेगवेगळ्या. दोघी उत्तरेला जवळजवळ एकाच वेगाने चालल्यात, एकमेकींच्या तुलनेत फरक फक्त वर्षाला तीनेक मिलिमीटरचा. नख वाढतं त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तरीही २००९ च्या फ्रेंच मोहिमेने बहुकिरण मोजणीत दाखवलं की हा फॉल्ट सिंधूच्या पंख्यातला (नदीने समुद्रतळावर पसरलेल्या गाळातला) कोवळा गाळ कापत जातो आणि त्यावरची कंगोऱ्याची टोकं दहा-बारा किलोमीटर सरकली आहेत.

म्हणजे नाव फ्रॅक्चर झोन, पण काम प्लेटच्या सीमेचं. नकाशावर ओवेन जागा दाखवायचा, लाल. उत्तरेला तो डॅलरिम्पल खळग्यापाशी आणि मरी रिजपाशी पोचतो, तिथवर अ प्रत.

मग प्रश्न सिंधूच्या पंख्याखालच्या बाकी रेषांचा. कार्ल्सबर्ग रिजवरून ईशान्येला निघालेले व्रण गाळाखाली शिरतात आणि उभ्या ढाळाच्या जाळीत पुसट होत नाहीसे होतात. प्रकाशित नकाशांत काही ठिकाणी ते तुटक रेषेने थेट भारताच्या किनाऱ्याकडे नेलेले असतात. विद्यार्थिनीचं म्हणणं, आपणही न्यावे, मुलांना जोड कळेल. सर म्हणाले, खडक तिथे असेलच, पण आपल्याला दिसतोय का? मी सरांच्या बाजूने आहे. शाळेतल्या मुलाला नकाशावरची प्रत्येक रेष खरी वाटते. म्हणून आपल्याला जिथे दिसायचं थांबलं तिथे रेष थांबेल, टोकाला छोटी आडवी खूण येईल, आणि सूचीत लिहू: ‘इथून पुढे गाळाखाली’. बंगालच्या उपसागरात तर हे आणखी कडक पाळायचं. तिथला गाळाचा पंखा तीन हजार किलोमीटर लांब आणि उत्तरेला कित्येक किलोमीटर जाड आहे.

विद्यार्थिनीला पटलं असं नाही. तिचा मुद्दा वहीत तिच्या शब्दांत लिहून ठेवायला सांगितला.

२ ऑगस्ट, शनिवार

पूर्वेची बाजू, व्हार्टन खोरं. ‘निजलेलं’ हा शब्द इथे जपून.

११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ आणि दोन तासांनी ८.२ तीव्रतेचे भूकंप झाले. दोन्ही आडव्या सरकण्याचे. उपकरणांनी नोंदलेल्यांत पहिला या प्रकारचा सगळ्यात मोठा. चेन्नई, कोलकात्यापर्यंत लोक रस्त्यावर आले. त्सुनामी लहान आली, कारण तळ वर-खाली न होता बाजूला सरकला. आणि हे घडलं प्लेटच्या पोटात, जिथे रिज कधीच विझली आहे. उत्तर-दक्षिण जाणारे प्राचीन फ्रॅक्चर झोन आणि त्यांना जवळजवळ काटकोनात असलेले फॉल्ट एकामागून एक फाटत गेले. कोट्यवधी वर्षं गप्प असलेली ही रेष आतल्या ताणाला सोपी वाट वाटली.

म्हणून सूचीतून ‘मृत’ हा शब्द काढला. आता तीनच अवस्था: सक्रिय, शांत, आणि शांत असून पुन्हा फाटलेला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

नावं. अधिकृत नावं बदलायची नाहीत, देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहायची. ओवेन हे ब्रिटिश सर्वेक्षण जहाज, कार्ल्सबर्ग हे १९२८–३० च्या डॅनिश मोहिमेला पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानावरून. आपल्याकडची नावंही आहेत: रामन रिज, पणिक्कर सीमाउंट (समुद्राखालचा डोंगर), वाडिया गयो (सपाट माथ्याचा तसाच डोंगर). २०२४ मध्ये अशोक सीमाउंट, चंद्रगुप्त रिज आणि कल्पतरू रिज यांची भर पडली. जेवढी हद्दीत बसतात तेवढी घेतली.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहिली छापील प्रत, डेक्कनजवळच्या प्लॉटरवर. पडद्यावर क प्रतीच्या रेषा फिक्या राखाडी होत्या. कागदावर त्या खोलीच्या निळ्यात बुडाल्या, दोन फुटांवरून दिसेनात. प्लॉटर चालवणारे दादा बघत होते, म्हणाले, "मॅडम, रंगात फरक करू नका, रेषेत करा. शाळेत लांबूनच बघणार ना?" अगदी बरोबर. तिथेच लॅपटॉप उघडून अ अखंड जाड, ख अखंड बारीक, क तुटक, सगळ्या काळ्या. फक्त सक्रिय भाग लाल. दुसरी प्रत काढली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीला लावली. तिन्ही प्रकार ओळखू येतात.

३० ऑगस्ट, शनिवार

उद्या गौरी, घरात पाहुणे, म्हणून आजच उरकलं. एका शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना नकाशा दाखवला. पहिला प्रश्न त्यांनी टोकाच्या आडव्या खुणेवर विचारला: रेष इथे का थांबली? आम्हाला हवा होता तो हाच प्रश्न. उत्तर दिल्यावर त्या म्हणाल्या, मग वर्गात मी हेच विचारेन, पुढे काय असेल आणि ते शोधायला काय लागेल. विद्यार्थिनी शेजारीच होती. नंतर तिने सूचीतल्या त्या ओळीखाली स्वतःहून दोन ओळी जोडल्या: गाळाखालचा खडक बघायला भूकंपीय परावर्तनाची मोजणी लागते, जहाजामागे लांब तार ओढत. ओळी ठेवल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिली आवृत्ती पक्की. शेपफाइलमध्ये, म्हणजे रेषा साठवलेल्या संगणकी फाइलमध्ये, प्रत्येक रेषेला पाच रकाने आहेत: नाव, प्रत, अवस्था, चर की पायरी, आणि रेष कशामुळे थांबली.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मुख्य आशा स्वॉट उपग्रहाच्या मापांवर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला हा उपग्रह खालच्या एका रेघेवर न मोजता १२० किलोमीटर रुंद पट्टा मोजतो. त्याच्या साधारण एका वर्षाच्या मापांतून आठेक किलोमीटर आकाराच्या गोष्टी सुटून दिसतात, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आमच्या क प्रतीच्या बऱ्याच रेषा त्यात ताणून बघता येतील. काही लांबतील. काही पुसाव्याही लागतील, आणि त्या पुसल्याची नोंद याच वहीत होईल.

सुरुवात मस्करीन खोऱ्यापासून. मॉरिशसच्या उत्तरेला दोन रेषा एकमेकींच्या फार जवळ आल्या आहेत, त्या दोन आहेत की एकच, ते आधी ठरवायचं. सरांकडे पुढच्या शनिवारी.